पाचवी प्रत

लुसाका, अर्थमंत्रालय, तिसरा मजला.
रात्री साडेनऊला हॉटेलातून मसुदा आला,
समासात हिरव्या शाईच्या दुरुस्त्या,
तारखेची जागा कोरी.
नामाकाऊ मुबिता यांनी यंत्रावरचं कापड काढलं,
घडी घालून खणात ठेवलं.
पाच कागद, मध्ये चार कार्बन.

दुपारी आईने फोनवर विचारलं होतं,
"मिशन आलंय म्हणतात. कुठल्या चर्चचं?"
"चर्चचं नाही गं. वॉशिंग्टनचं."
"मग प्रार्थना कोण करतं?"
"आपण."

पत्र त्यांच्याच देशाकडून जाणार होतं,
सहीसुद्धा त्यांच्याच मंत्र्यांची.
फक्त त्यात म्हणायचं काय, ते
ज्यांना पोचायचं त्यांनीच लिहून दिलेलं.
लग्नाची यादी वरपक्षानेच करावी
आणि तळाशी मुलीच्या बापाने लिहावं
'आमच्या राजीखुशीने',
तसं.

परिच्छेद नऊ: मक्याच्या पिठावरची सवलत
आम्ही दोन टप्प्यांत काढून घेऊ.
(हिरव्या शाईने 'दोन' खोडून 'एका'.)
परिच्छेद चौदा: दवाखान्याच्या खिडकीवर आम्ही पैसे घेऊ;
जे देऊ शकत नाहीत
त्यांची व्यवस्था यथावकाश करू.
'यथावकाश'ला त्यांची बोटं सरावली होती,
न बघता उमटायचा.

आम्ही कटिबद्ध आहोत.
आम्ही ठामपणे मानतो.
आम्हाला जाणीव आहे.

इंग्रजीत एकच 'वुई',
धर्मशाळेसारखा, कुणीही यावं.
माझ्या भाषेत आधी ठरवावं लागतं:
'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर,
'आपण' म्हटलं की तोही आत.
हे पत्र मराठीत आणायला बसलो
आणि पहिल्याच ओळीला अडलो.
बोलतंय कोण?
आणि दार लावून घेतलंय
ते नेमकं कुणाच्या तोंडावर?

नामाकाऊ अडल्या नाहीत.
साडेअकराला तक्ता तीनपाशी आल्या.
कमी करायची पदं.
संदेशवाहक, दोनशे दहा.
वाहनचालक, शहाऐंशी.
टंकलेखक...
इथे मसुद्यात स्पेलिंग चुकलं होतं.
ते त्यांनी सुधारलं.
आकडा दोन घरं उजवीकडे सरकवून
रकान्यात नीट बसवला.
एकशे चौतीस.

चोवीस पानं. एकही खाडाखोड नाही.
पहाटे गाडी पाठवून पत्र नेलं त्यांनी.

"तक्ता तीनपाशी काय वाटलं?" मी विचारलं.
बराच वेळ त्या चहा ढवळत राहिल्या,
साखर घातली नव्हती तरी.
"रिबन फिकी झाली होती," म्हणाल्या.
"पाचवी प्रत वाचता येईल की नाही, याचीच धास्ती.
पहिली त्यांना जायची, दुसरी बँकेला.
तिसरी, चौथी कुठे जायची, देव जाणे.
पाचवी इथे राहायची."

आता त्या पोस्टाबाहेर बसतात, घडीचं टेबल घेऊन.
यंत्र तेच. मंत्रालयाच्या लिलावात घेतलं,
हातात आलेल्या रकमेतून; उरलेल्यातून
छत्री आणि दोन खुर्च्या.
मी होतो तेव्हाच
चावामा वस्तीतल्या तीन बायका आल्या,
नळाला बसवलेल्या मीटरबद्दल अर्ज द्यायला.
सगळ्यांत धाकटी घाईत होती,
पाठीवर मूल, हातात बसचे सुटे पैसे.
"लिहा: आम्ही, चावामाचे रहिवासी..."

नामाकाऊंचे हात कळांवर थांबले.
"किती घरं?"
"एकेचाळीस."
"काय मागताय ते सगळ्यांना माहीत आहे?"
तिघी एकमेकींकडे बघू लागल्या.
"तसं... सांगू नंतर."
"आधी सांगून या. मी सहापर्यंत आहे."

धाकटी चिडली. पैसे मुठीत घट्ट धरून
रस्ता ओलांडून गेली, दोघी तिच्या मागे.
त्यांनी कागद काढला नाही.
वर तारीख घातली,
पोस्टमास्तरांच्या घड्याळात बघून,
आणि पहिल्या शब्दापुरती जागा सोडून
पुढलं टाईप करू लागल्या.